हरवलेल्या मालाचे प्रमुख

त्रियोनोच्या टेबलावर 'प्रमुख, हरवलेला माल' अशी पितळी पाटी होती, आणि गेल्या वर्षी ती पाटीच दोन आठवडे सापडत नव्हती. शिपायापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांवर त्याने संशय घेऊन पाहिला. शेवटी ती त्याच्याच बॅगेत, डब्याखाली मिळाली. चकचकीत करून आणावी म्हणून त्यानेच ती घरी नेली होती. एवढा गाजावाजा होऊनही पाटीवरचा मजकूर कुणी बदलला नाही, कारण त्यात खोटं असं काही नव्हतंच.

जकार्ताच्या पूर्वेला, चिकारांगमध्ये, पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीचं अवाढव्य गोदाम आहे. तिथून रोज जी खोकी निघतात त्यातली काही वाटेत गडप होतात, आणि ती हुडकून काढायचं काम त्रियोनोचं. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खोकं हरवलं की तो एकच प्रश्न विचारायचा, "शेवटचं कुणी पाहिलं?" 'मी तिथेच ठेवलं होतं' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा पहिला नियम. हा नियम तो घरी मात्र लावत नसे, कारण घरी 'मी तिथेच ठेवलं होतं' असं म्हणणारा तो स्वतःच असायचा.

पूर्वी तो असा नव्हता. दीडेक वर्षापूर्वी त्याच्या जोडीचा लुकास नोकरी सोडून गेला आणि त्याचं काम 'तात्पुरतं' म्हणून त्रियोनोकडे आलं. आम्ही जकार्ताला पोट भरायला आलेली माणसं. तात्पुरतं म्हणून आलेल्या कितीतरी गोष्टींबरोबर आमचे संसार झाले आहेत, तेव्हा यात त्यालाही काही वावगं वाटलं नाही. मग दोन कारकून कमी झाले. मग नवी संगणक यंत्रणा आली, जी खोक्यांपेक्षा जास्त वेळा हरवायची. फोन जेवताना वाजू लागला, नमाजाला उभं राहिलं की वाजू लागला, आणि वाजत नसेल तेव्हा वाजल्यासारखा वाटू लागला. हळूहळू त्रियोनोच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. एक ईमेल तो तीनदा वाचायचा आणि तिन्ही वेळा ती नवी असायची. भलत्याच्याच स्कूटरला किल्ली लावून 'लॉक बिघडलंय' म्हणून तो तक्रार करायचा. शेजारच्या टेबलावरची मुलगी आपलं लग्न ठरल्याचं सांगत होती, तेव्हा त्याने मान डोलवून 'परत पाठवून द्या' असं सांगितलं होतं.

रोज्याच्या महिन्यात तर हद्द झाली. भर दुपारी सोयाबीनचं तळलेलं तेंपे खाताना त्याला आठवायचं की आपला रोजा आहे. आता विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही, देवानेच पाहुणचार केला असं समजायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पण त्रियोनोने तिसऱ्या आठवड्यापर्यंत देवाचा एवढा पाहुणचार घेतला, की त्याची बायको विनार्सिह म्हणाली, "जरा मौलवींना विचारून घ्या. या सवलतीला काही मर्यादा असेल." एकदा तर त्याने चहा करून, त्यात बिस्किट बुडवून, वर दुसरा कप भरताना रोजा आठवला होता. त्याने ही गोष्ट स्वतःच घरी येऊन सांगितली आणि दोघं खूप हसली. हसणं संपल्यावर ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

विनार्सिह शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कुणाचं लक्ष कुठे आहे हे तिला पाठमोरी असतानाही कळतं. तिच्या मते नवऱ्याचे 'हं' तीन प्रकारचे होते. पहिला हं म्हणजे ऐकलं. दुसरा हं म्हणजे अर्धवट ऐकलं. तिसऱ्या हंच्या वेळी घरात कुणी नसायचं. एरवी ती त्याला 'मास' म्हणायची, त्यात मान असतो आणि लाडही. रागावली की 'पाक त्रियोनो' म्हणायची, ऑफिसातले लोक म्हणतात तसं.

एक गोष्ट मात्र त्रियोनोने बायकोपासून लपवून ठेवली होती. त्याचे आजोबा शेवटी शेवटी स्वतःच्या घराचा पत्ता विसरले होते, आणि आपल्यालाही तेच झालंय या भीतीने तो गुपचूप कंपनीच्या दवाखान्यात जाऊन आला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. त्याने पाचही सांगितले, वर त्या दिवशी सकाळी हरवलेल्या पार्सलाचा बारा आकडी नंबरही म्हणून दाखवला. बाई म्हणाल्या, तुमचा मेंदू ठणठणीत आहे, त्याला फक्त उसंत नाही. भरलेल्या बादलीत तुम्ही वरून पाणी ओतताय, मग सांडतंय म्हणून का ओरडता? काम कमी करा, नाहीतर हे वाढत जाईल. त्याच आठवड्यात त्याच्या साहेबीण मेइलानीबाई यांनी ईदनंतर अख्ख्या जावा बेटाचा हरवलेला माल त्याच्या ताब्यात द्यायचं ठरवलं. काम कमी करायचं सोडून आपण ते बेटभर वाढवून घेतोय हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? सांगू कधीतरी, असं म्हणून त्याने ते मनात दडपून टाकलं. निदान त्याची तशी समजूत होती.

ईदच्या आदल्या दिवशी पहाटे, सहरी आटोपून, दोघं सासुरवाडीला निघाली. सासुरवाडी सालातिगाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. मुलगा जहाजावर नोकरीला, त्याला या वर्षी सुट्टी नव्हती. गाडी सुरू करायच्या आधी विनार्सिहने दारावर हात ठेवला.

"मला एकच गोष्ट हवीय," ती म्हणाली. "ईद होईपर्यंत ऑफिसचा फोन घ्यायचा नाही. बाकी वाट्टेल ते विसरा. डोक्याला जरा उसंत द्या."

उसंत हा शब्द ऐकून त्रियोनो चपापला. डॉक्टरीणबाईंचाच शब्द हिच्या तोंडी कसा आला? पण गणिताच्या बाईंना शब्दांचीही जाण असणार असं म्हणून त्याने तो विचार सोडून दिला आणि देवाची शपथ घेतली. पहिला हं होता तो. तिनेही तो ऐकून घेतला आणि मग दार लावलं.

वाटेत तिने त्याची उजळणी घ्यायला सुरुवात केली. ईदच्या सकाळी आमच्याकडे थोरामोठ्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसायचं, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकायचं आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, याला सुंगकेम म्हणतात. सासरे पाक सास्त्रो जुन्या वळणाचे. माफी मागायची तर जुन्या मानाच्या जावानीजमध्येच, असा त्यांचा हट्ट. दरवर्षी थोरला मेव्हणा पुढे असायचा आणि त्रियोनो मागे पुटपुटून वेळ मारून न्यायचा. या वर्षी मेव्हणा कामासाठी कालिमांतानला अडकला होता, तेव्हा पहिला मान थोरल्या जावयाचा. त्रियोनो वाढला जकार्ताच्या गल्लीत. ती भाषा त्याला तोंडात खडे घेतल्यासारखी वाटायची. तो दरवेळी एकाच जागी अडखळायचा. 'कळत घडलेल्या चुका' इथपर्यंत ठीक, आणि पुढचं 'नकळत घडलेल्या' आलं की गाडं रुतायचं. विनार्सिह टोकायची. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

पेकालोंगानच्या पुढे तिला मळमळायला लागलं. उपास, ऊन आणि गाड्यांची न संपणारी रांग. ती मागच्या सीटवर गेली आणि उशी घेऊन, अंगावर बाटिकची चादर ओढून झोपली. बाजूला बिस्किटांचे डबे, सरबताच्या बाटल्या, आईसाठी घेतलेली नवी चटई, असा सगळा पसारा होता. थोड्या वेळाने पेट्रोलसाठी महामार्गावरच्या थांब्यात गाडी घेतली. तिथे अर्धं जकार्ता उतरलेलं होतं. बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग तर पार चहाच्या बंद टपऱ्यांना वळसा घालून गेली होती.

"मी जाऊन येते," विनार्सिहने खिडकीतून सांगितलं. "वेळ लागेल. इथेच थांबा."

"हं," त्रियोनो म्हणाला.

हा कितवा हं होता ते सांगायची गरज नाही. त्याचा फोन मांडीवर थरथरत होता आणि पडद्यावर मेइलानीबाईंचं नाव होतं. नुसतं कुणाचा आहे ते बघायला काय हरकत आहे, असं म्हणून त्याने बघितलं. बघितल्यावर नुसतं ऐकायला काय हरकत आहे, असं म्हणून कानाला लावला. ईदचे कपडे भरलेला एक अख्खा ट्रक सोलोला पोचायचा होता, तो पोचलाच नव्हता. मेइलानीबाई रडकुंडीला आल्या होत्या. त्रियोनोच्या अंगात वारं शिरलं. ट्रक शेवटचा कुणी पाहिला? कुठल्या टोलनाक्यावर? चालकाचं गाव कोणतं? तेवढ्यात पिवळं जाकीट घातलेल्या माणसाने शिट्टी मारून गाडी पुढे घ्यायला सांगितली. त्याने घेतली. पुढच्याने आणखी पुढे घ्यायला सांगितली. तीही घेतली. अशी पुढे घेता घेता गाडी महामार्गाला कधी लागली, हे त्याला कळलंही नाही.

ट्रक त्याने तासाभरात शोधून काढला. चालकाने ट्रकसकट स्वतःचं गाव गाठलं होतं आणि ट्रक आंब्याखाली उभा करून तो घरी झोपला होता. मेइलानीबाई म्हणाल्या, तुमच्यासारखी स्मरणशक्ती असलेला माणूस कंपनीत दुसरा नाही. त्रियोनोला एकदम हलकं वाटलं. मग शपथ आठवली, आणि हलकं वाटणं गेलं. त्याने आरशात बघितलं. मागे चादरीचा ढीग निवांत पडला होता. बरं झालं, झोपलीय, असं म्हणून त्याने फोन बंद केला. तरी मनाला लागून राहिलंच, म्हणून त्याने सुंगकेमची उजळणी मोठ्याने सुरू केली, म्हणजे जाग आली तर तिला बरं वाटेल. आणि काय आश्चर्य, त्या दिवशी ते सगळं न अडखळता आलं. तीनदा आलं. तिने एकदाही टोकलं नाही.

"बघ, जमलं की नाही?" तो मागे न बघता म्हणाला. "उगाच ओरडत असतेस."

मग त्याने तिला तिच्या बहिणीच्या नव्या घराबद्दल आपलं मत सांगितलं, जे सांगायचं धाडस त्याने एरवी केलं नसतं. त्यावरही ती काही बोलली नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, एवढ्या शांतपणे तिने आपलं ऐकून घेतलेलं त्याला आठवत नव्हतं. पण आठवत नाही याचं त्याला हल्ली काही वाटत नसे.

सेमारांगच्या टोलनाक्यापाशी पुढच्या गाडीने करकचून ब्रेक लावला. त्यानेही लावला. मागून बिस्किटांचा एक डबा घरंगळत येऊन त्याच्या पायाशी थांबला. त्याने वळून पाहिलं. चादर सरकली होती, आणि चादरीखाली उशी होती, गुंडाळलेली चटई होती आणि सरबताच्या दोन लाल बाटल्या होत्या.

त्रियोनोने गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं आणि पहिल्यांदा उशी उचलून बघितली. मग सीटखाली बघितलं. मग डिकी उघडली. इतकी वर्षं हरवलेला माल शोधून माणूस काय शिकतो, तर बायको उशीखाली नाही याची आधी खात्री करून घ्यायला. त्याने तिचा नंबर लावला. तिचा फोन पुढच्या सीटजवळ चार्जिंगला होता. तो गाडीतच वाजला. त्यानेच तिथे लावून ठेवला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तेवढ्यात त्याला हसूही आलं, आणि हसू आलं म्हणून त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

शेवटचं कुणी पाहिलं? मी पाहिलं. कुठे? खिडकीत. ती काय म्हणाली होती? इथेच थांबा.

नाक्यावरच्या पोलिसाला त्याने विचारलं की मागे कसं वळायचं. पोलीस म्हणाला, आज वळायचं नाही. ईदच्या गर्दीसाठी दोन्ही बाजूंचे रस्ते पूर्वेकडेच सोडले आहेत, परत जायला मार्गच नाही. काय विसरलात? त्रियोनोने इकडेतिकडे बघून हळू आवाजात सांगितलं. पोलिसाला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. सकाळपासून ही तिसरी बायको, असं तो म्हणाला, शिवाय एक सासू, पण ती विसरली की सोडली ते अजून ठरायचंय. त्याने वायरलेसवरून थांब्याच्या चौकीला विचारलं. तिकडून कळलं की त्या बाईंनी बराच वेळ वाट पाहिली, यांच्या नावाचा भोंग्यावरून पुकारा झाला, सगळ्या थांब्याला यांचं नाव पाठ झालं. मग बोयोलालीच्या एका कुटुंबाने त्यांना आपल्या गाडीत घेतलं. बाईंनी निरोप ठेवला होता. पोलिसाने तो वायरलेसवरून ऐकला आणि जसाच्या तसा सांगितला.

"मी माहेरी जाते म्हणाल्या. आठवण झाली तर या."

उरलेला रस्ता त्रियोनोने आरसा मागच्या सीटवर रोखून पार केला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बघत होता. आजवर त्याने चष्मा विसरला, सभा विसरल्या, स्वतःचा वाढदिवस विसरला, त्या प्रत्येकाची त्याने गंमत करून सांगितली आणि लोक हसले. ही गोष्ट गंमत करून कशी सांगायची, ते त्याला सुचेना. त्याने दोनदा प्रयत्न करून पाहिला. दोन्ही वेळा तो 'इथेच थांबा' इथपर्यंत येऊन थांबला.

तो पोचला तेव्हा ती आली नव्हती. सासू दारातच उभी होती. गाडीतून जावई उतरला, चटई उतरली, सरबत उतरलं. सासूने गाडीत वाकून बघितलं आणि विचारलं, विनार कुठाय? येतेय मागून, असं म्हणून त्रियोनोने बिस्किटांचे डबे आत न्यायला घेतले, आणि एकेक डबा वेगळा नेला, म्हणजे जास्त वेळ लागावा. सासरे ओसरीवर बसून ते सगळं बघत होते.

रोजा सोडायच्या थोडं आधी एक मालवाहू गाडी दारात थांबली. मागे चार पोरं, एक शेळी आणि विनार्सिह. ती उतरली, आईच्या हाताला कपाळ लावलं, गाडीवाल्यांची ओळख करून दिली, रोजा सोडायला म्हणून त्यांना सरबताची एक बाटली दिली. आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या गाडीत जीव घुसमटत होता. यांची गाडी उघडी, वारा लागेल म्हणून आले." चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग ती त्रियोनोकडे वळली.

"पाक त्रियोनो," ती म्हणाली, "तुमचा सगळा माल पोचला ना?"

त्याला तिचे पाय धरावेसे वाटले. पण तिने आईवडिलांसमोर त्याची अब्रू राखली होती, आणि पाय धरले असते तर ती राखलेली अब्रूही गेली असती. संध्याकाळभर ती त्याच्याशी तेवढंच बोलली. मशिदीतून तकबीर सुरू झाली, पोरांनी नगारे काढले, आणि हा माणूस मागच्या अंगणात बसून केतुपातसाठी, म्हणजे सणाच्या भातासाठी, विणलेल्या माडपात्यांच्या पुड्यांत तांदूळ भरत राहिला. एकात त्याने दोनदा भरला. ती पुडी उकळताना फुटली.

सकाळी ईदचा नमाज झाला. नवे कपडे घालून सगळी ओसरीवर जमली. सासू-सासरे शेजारी शेजारी खुर्च्यांत बसले. त्रियोनो गुडघ्यांवर सरकत पुढे गेला, सासऱ्यांचे हात हातात घेतले, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. सुरुवात झकास झाली. आदल्या दिवशी उशीसमोर म्हटलं होतं तसंच. कळत घडलेल्या चुका, इथपर्यंत तो आला, आणि तिथे सगळं पुसलं गेलं. डोक्यात नुसती घरघर. मागे कुणीतरी खाकरलं. त्याला माहीत होतं की विनार्सिहला पुढचा शब्द येतो, आणि हेही कळलं की आज ती तो देणार नाही.

"बापाक," तो साध्या भाषेत म्हणाला, "पुढचं मला आठवत नाही. मला काहीच आठवत नाही हल्ली. काल मी तुमच्या मुलीला रस्त्यात विसरून आलो. वारा लागावा म्हणून ती आली नाही त्या गाडीतून. मी विसरलो तिला."

पाक सास्त्रोंनी त्याच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

"माझी कशाला माफी मागतोस, बाळा?" ते म्हणाले. "जिला विसरलास तिची माग."

आमच्याकडे थोरांचं झालं की बायकोने नवऱ्यापुढे गुडघे टेकायचे. नवऱ्याने बायकोपुढे टेकलेले त्या ओसरीने पाहिले नव्हते. त्रियोनो वळला आणि गुडघ्यांवर सरकत फरशीच्या त्या टोकाला गेला. लुंगीसारखा गुंडाळलेला नवीन सारोंग पायात अडकला, एकदा तो तोंडावर पडता पडता वाचला, आणि एक मेव्हणी हसली. विनार्सिह हसली नाही. त्याने तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं.

"अजून एक सांगायचंय," तो म्हणाला. "तुझ्यापासून लपवलंय मी. मी डॉक्टरांकडे गेलो होतो. डोकं ठीक आहे म्हणाल्या, पण काम कमी करा म्हणाल्या, नाहीतर वाढत जाईल. आणि इकडे मला अख्ख्या जावाचं काम देतायत. मी नाही म्हटलेलं नाही. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

मग तिचा हात त्याच्या मानेवर आला.

"हे तुम्ही मला सांगितलंय, मास," ती म्हणाली. "दोनदा."

त्रियोनोने डोकं वर केलं.

"एकदा भांडी विसळताना. आणि एकदा रोजे लागले त्या आठवड्यात, स्कूटरवर."

"मग मी काय म्हणालो होतो?"

"दोन्ही वेळा म्हणालात, उद्याच त्यांना नको म्हणून कळवतो. पहिल्या वेळी मी आनंदाने रडले होते. दुसऱ्या वेळी नाही रडले."

"तू आठवण का नाही करून दिलीस?"

"दिली. रोज करून दिली. तुम्ही हं म्हणायचात."

कितवा, ते त्याने विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्याने थांबवलंही नाही. ओझ्याखाली दबलेला आपण एकटेच आहोत असं तो वर्षभर समजत होता. ही बाई तीच गोष्ट दोनदा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होती, आणि रोज वाट बघत होती की आज तरी याला आठवेल.

"माझा फोन कुठाय?" त्याने विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं. अर्ध्या घराने शोधल्यावर तो तांदळाच्या डब्यात सापडला, आदल्या संध्याकाळी केतुपात भरताना ठेवलेला. त्याने तिथेच, तिच्या पुढ्यात बसल्या बसल्या मेइलानीबाईंना लावला. ईदच्या सकाळी सगळा देश एकमेकांना फोन करून माफी मागत असतो, तेव्हा बाईंना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी शुभेच्छा घेतल्या आणि लगेच सुराबायाच्या एका खोक्याचा विषय काढला. त्रियोनोने त्यांना मध्येच थांबवलं. कळत घडलेल्या आणि नकळत घडलेल्या सगळ्या चुकांची माफी असावी, असं तो म्हणाला, तेही जुन्या जावानीजमध्ये, एका दमात. सासरे खुर्चीत सरसावून बसले. मग साध्या भाषेत त्याने सांगितलं की नवी जागा त्याला नको, आणि लुकासचं कामही परत घ्यावं. बाई गडबडल्या. आज सणाचा दिवस, असं त्या म्हणाल्या, सुट्टी संपली की निवांत बसून बोलू.

"सुट्टी संपेपर्यंत माझ्या लक्षात राहणार नाही, बाई," त्रियोनो म्हणाला. "म्हणून आत्ताच सांगतोय."

पलीकडे भांडी वाजली. मग बाई बरं म्हणाल्या. कसलं बरं होतं ते कळायला मार्ग नव्हता. कदाचित त्यांचेही तीन प्रकार असतील. लुकासचं काम खरंच परत जाईल की नाही, याची त्रियोनोला काही खात्री नव्हती. त्याने फोन बंद केला आणि विनार्सिहच्या हातात दिला.

मग पानं मांडली. फुटलेलं केतुपात त्याने स्वतःच्या ताटात घेतलं, वर कोंबडीचा रस्सा ओतला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच भर सकाळी, रोजा नाही हे पक्कं ठाऊक असताना, घास उचलला. घास तोंडाशी नेताना तो थबकला.

"मी सांगितलं ना त्यांना?" त्याने विनार्सिहला विचारलं.

"सांगितलंत, मास."

"नक्की? मनात नाही ना म्हटलं?"

तिने त्याच्या ताटात आणखी एक केतुपात वाढलं, न फुटलेलं.

"सगळ्या घराने ऐकलंय," ती म्हणाली. "आता विसरलात तरी चालेल."